एक माप मोठे जोडे

हिवाळा सरताना ज्याने मासेमारीच्या पिशवीचा तळ उपसला आहे, त्याला किस्से कसे साठतात हे वेगळे सांगावे लागत नाही. गंजलेला गळ निघतो, दोऱ्याचा गुंता निघतो, बिस्किटांचा चुरा निघतो, कोणाचा तरी एकच हातमोजा निघतो. मुद्दाम कोणी काही ठेवलेले नसते. रविवारमागून रविवार जातात आणि तळाशी काही ना काही राहून जाते.

आमचा रविवार इंग्लंडमधल्या रीडिंग शहराबाहेरच्या एका तळ्यावर जात असे. खडी काढून रिकाम्या झालेल्या खाणीत पाणी साचून ते तळे झाले आहे. आम्ही तिघे. मी पुण्याचा, संस्कृत घेऊन शिकलेला आणि पोटासाठी सॉफ्टवेअरच्या इंग्रजी माहितीपुस्तिका लिहिणारा. अनघा मुंबईची, एका वित्तसंस्थेत काम करणारी, आम्हां दोघांना काका म्हणणारी. आणि मेश्राम, भंडारा जिल्ह्यातले, नेटवर्क इंजिनिअर, माझ्याच वयाचे.

हे किस्से मी पूर्वी हसत सांगत असे. गेल्या जानेवारीत मेश्रामांनी माझ्याशी मराठीत बोलणे सोडले. भांडण झाले नाही. भेटतात, चहा विचारतात, हवामानावर बोलतात, पण सगळे इंग्रजीत. त्यामुळे तेच किस्से आता सांगायला बसलो, की हसू कुठे यायचे ते मला नीटसे आठवत नाही.

* * *

पहिल्याच रविवारी मेश्राम डब्यात बोटे घालून काही शोधत होते. "गरी बारीक पाहिजे न जी. इथली मासोळी लाजाळू दिसते."

मी म्हणालो, "गरे फणसाचे असतात, मेश्राम. मासा लागतो तो गळाला."

ते जराही रागावले नाहीत. "बरं. गळ तर गळ."

दुपारपर्यंत त्यांच्या गरीला तीन पट्टेरी पर्च मासे लागले. माझ्या गळाला शेवाळ लागले. मेश्राम माझ्याकडे वाकून पाहत म्हणाले, "काय म्हणते गळ, गुरुजी?"

अनघा म्हणाली, "काका, माशांना प्रमाणभाषा येत नसेल."

तेव्हापासून मी गुरुजी झालो. काही आठवड्यांनी कोश चाळताना 'गरी' दिसली. अर्थ स्वच्छ दिला होता: मासे धरण्याचा आकडा. शब्द उत्तम मराठी होता आणि मलाच ठाऊक नव्हता. मी कोश मिटला. मेश्रामांना ते सांगितले नाही. सांगायला अर्धे मिनिट लागले असते.

* * *

इथला नियम असा, की धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. तळ्याच्या रखवालदाराने तो समजावून सांगितला, तेव्हा मेश्रामांच्या हातात चांगला दोन वितींचा मासा होता.

"म्हणजे एवढ्या थंडीत आपण याले फक्त भेटाले आलो?"

"असंच समजा," मी म्हणालो.

त्यांनी मासा त्याला इजा होऊ नये म्हणून अंथरलेल्या ओल्या गादीवर ठेवला, हलक्या हाताने गरी काढली आणि त्याला पाण्यात सोडताना म्हणाले, "जाय बाबू. घरी सांगजो, भंडाऱ्याचा माणूस भेटला होता म्हणून."

त्या दिवशी त्यांनी लहानपणचे सांगितले. गावाच्या मोठ्या तलावावर त्यांच्या वस्तीतल्या पोरांना कोणी बसू देत नसे. शेताच्या कडेला भातासाठी पाणी साठवायला केलेली एक लहानशी बोडी होती, ते तिच्या काठाकाठाने गरी टाकत. "मासोळी नेहमी मधात राहाते, गुरुजी. आणि आमी नेहमी काठावर."

म्हणूनच फिनलंडचा विषय त्यांनी काढला. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, माणसे बर्फावरून चालत थेट मध्यावर जातात, भोक पाडतात, लहानशा घडवंचीवर बसून दोरी सोडतात. त्याची एक चित्रफीत त्यांनी फोनवर आम्हांला तीनदा दाखवली. "बरोबर मधात बसते हा माणूस. कोणी उठवत नाही त्याले."

पुढच्या फेब्रुवारीत जायचे ठरले. त्याआधी जोडे घ्यायला हवे होते.

* * *

अनघाने लगेच फोनवर गट काढला आणि त्याला नाव दिले 'गरम बूट'.

मी ते बदलून 'ऊबदार जोडे' केले. गरम असते ते पाणी किंवा डोके. जोडे स्वतः गरम नसतात, ते पायांची ऊब राखतात. हे मी गटावर सविस्तर लिहिले.

अनघाने उत्तर दिले, "काका, यामुळे पाय किती अंश जास्त गरम राहतील?"

मेश्रामांनी केवळ अंगठा उंचावल्याचे चिन्ह टाकले. नंतर माझ्या ध्यानात आले, की त्या दिवसापासून ते गटावर लिहीतच नव्हते. त्यांना प्रश्न पडला तर ते अनघाला फोन करत आणि तिच्या नावाने तो प्रश्न गटावर येई.

* * *

जोड्यांच्या दुकानात कीथ नावाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यभर मासे धरले आणि सोडले आहेत. आम्ही कशासाठी आलो हे कळताच त्यांनी दुकानातली बाकीची गिऱ्हाईके सोडून दिली.

त्यांचे म्हणणे सरळ होते. डब्यावर लिहिलेल्या उणे तापमानाच्या आकड्यावर भुलू नका, तो चालत्या माणसाचा असतो आणि तुम्ही बर्फावर तासन्तास बसून राहणार. तळवा जाड हवा, कारण थंडी वरून येण्याआधी खालून येते. आतला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, मोजा सुटा निघणारा हवा, म्हणजे रात्रभर वाळवता येतो. आणि जोडा एक माप मोठा घ्या. बोटांभोवती हवा खेळली नाही, तर जगातली कुठलीही लोकर उपयोगाची नाही.

मेश्राम नेहमीच्या मापाचा जोडा घालून उभे राहिले. "बरोबर बसला."

"घट्ट नाही ना?" अनघाने विचारले.

"काहीच नाही वाटत."

कीथ गुडघ्यावर बसले. "मी बोटांवर दाबतो. कळलं की सांगा."

"येस, येस," मेश्राम म्हणाले.

कीथ मान वर करून म्हणाले, "मी अजून हात लावलेला नाही, सर."

आम्ही इतके हसलो की शेजारच्या रांगेतल्या बाईही हसल्या. मेश्रामही हसले. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, हे आम्हां दोघांना ठाऊक होते. त्यांचा बिनसाखरेचा चहा मीच थर्मासमध्ये वेगळा आणत असे.

अखेर कीथच्या आग्रहाने एक माप मोठे जोडे घेतले. तेवढे एक नीट झाले.

* * *

माझे घर तळ्याच्या सगळ्यांत जवळ. म्हणून तिघांचेही सामान माझ्याकडे राहत असे. जोडे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला.

अनघा म्हणाली, "कीथ म्हणाले होते, घरात ठेवा, आतले मोजे रेडिएटरजवळ वाळवा."

मी म्हणालो, "जोडे उंबऱ्याच्या आत येत नाहीत."

तसा माझ्या इथल्या घराला उंबराच नाही, प्लॅस्टिकची पट्टी आहे. पण तीन जोड मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये गेले, फळीखाली. फळीवर गळ, दोरे आणि वजनांचे डबे होते.

पुढच्या रविवारी सकाळी मेश्रामांनी जोड्यात पाय घातला आणि तो तसाच थांबला. आतला न वाळलेला मोजा रात्रीच्या थंडीत गोठून कडक झाला होता.

"गुरुजी," ते म्हणाले, "हे जोडे नाहीत, कुल्फीचे साचे आहेत."

हा किस्सा मी किमान दहा घरी सांगितला असेल. सांगताना जोडे घरात घेतले नाहीत, याचा मला अभिमानच वाटत असे.

* * *

जानेवारीतल्या त्या रविवारी तळ्याच्या काठाला हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची बर्फाची झालर आली होती. मेश्राम खूश होते. त्यांनी काठीने तिला एक भोक पाडले, शेजारी घडवंची मांडली आणि फिनलंडची रंगीत तालीम सुरू केली. अनघा पलीकडच्या काठावर होती.

तासाभराने ते म्हणाले, "गुरुजी, उजवा पाय सुन्न पडून राहिला."

मी पाण्यावरची नजर न काढता म्हणालो, "सुन्न होतं ते मन, मेश्राम. पाय बधिर होतो. सुन्न पाय ही हिंदीची सवय."

त्यांनी दोरी थोडी ओढून पाहिली. मग म्हणाले, "बरं. बधिर पडून राहिला."

"पडून राहिला नव्हे. झाला आहे."

"झाला आहे," ते म्हणाले.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मला वाटले, मासा येण्याची वाट पाहत आहेत. आणखी दोन तास आम्ही तसेच बसलो. सकाळ सुंदर होती, हे मी त्यांना दोनदा सांगितले.

परतताना अनघाच्या ध्यानात आले. "काका, तुम्ही लंगडताय का?"

"नाही तर," मेश्राम म्हणाले. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

तिने गाडीचे मागचे दार उघडून त्यांना बसवले आणि जोडा ओढून काढला. जोड्यातून एक वस्तू पायपुसण्यावर पडली. गळाला बांधायचे वजन, पेरूच्या आकाराचे, सुपारीएवढे, वर हिरवा रंग. हिरवा रंग मीच देतो, माझी वजने ओळखू यावीत म्हणून. शेडमधल्या फळीवरून ते केव्हा पडले, कोणास ठाऊक. करड्या मोज्याचा पुढचा भाग काळा दिसत होता, आणि तो काळा नव्हता.

मेश्राम त्या मोज्याकडे कुतूहलाने पाहत होते. जणू तो दुसऱ्या कोणाचा पाय होता.

* * *

जखम चिघळली. पुढचे तीन आठवडे इस्पितळाच्या फेऱ्यांत गेले आणि शेवटी उजव्या पायाची शेवटची दोन बोटे काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पायाची संवेदना बहुधा वर्षभरापासून कमी होत आली असावी. मेश्रामांनी हे कोणाला सांगितले होते का, असेही त्यांनी विचारले.

इस्पितळाच्या मार्गिकेत मी रंजनावहिनींजवळ बसलो होतो. मेश्रामांच्या पत्नी कमी बोलतात. मीच सगळे सांगत गेलो, तळ्यावरचे संभाषणसुद्धा. सांगून टाकले म्हणजे हलके वाटेल, अशी माझी समजूत होती.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाले शब्द माहीत असतात म्हणून विचारते. बधिर म्हणजे बहिरा ना?"

"हो. मूळ संस्कृतात अर्थ तोच. नंतर तो..."

"मंग पाय सुन्नच होता," त्या म्हणाल्या. "बधिर दुसरं कोणी होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे धरली. मी ती खाल्ली.

घरी येऊन कोश उघडला. सुन्न. शून्यापासून आलेला. संवेदना नसलेला, असा अर्थ दिला होता, आणि तो मनापुरता आहे असे कुठेही म्हटले नव्हते. अवयवालाही तो सुखाने लागत होता. ज्या शब्दासाठी मी दोन तास घालवले, तो शब्द आधीपासून बरोबर होता. चूक असता, तरीही त्या दिवशी तो मी ऐकायला हवा होता.

* * *

इस्पितळात पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा काय बोलायचे ते मी वाटेत घोकले होते. मी म्हणालो, "मेश्राम, मी तुमचा अपराधी आहे."

ते उशीला टेकून बसले होते. हसले, आणि म्हणाले, "डोन्ट बी सिली. काइंड ऑफ यू टु कम."

मी मराठीत विचारत राहिलो, ते इंग्रजीत उत्तर देत राहिले. त्यांचे इंग्रजी निर्दोष आहे, हे मला तेव्हा कळले. वीस वर्षांच्या नोकरीत घोटलेले, दुरुस्तीला जागा न ठेवणारे. गुरुजी हा शब्द इंग्रजीत येत नाही. त्यांनी मला, इथे कोणीही कोणालाही म्हणते तसे, मेट म्हटले.

पुढे मी गटावर मराठीत निरोप पाठवले, त्यांची उत्तरे इंग्रजीत आली. दिवाळीला मी त्यांना लांबलचक पत्र लिहिले. कोशातली गरी कबूल केली, सुन्नही कबूल केला. उत्तर आले, "सो थॉटफुल. हॅपी दिवाली टु यू ऑल." त्यात बोट ठेवावे असे काहीच नव्हते.

पत्राचा मसुदा मी पाच वेळा सुधारला होता. बहुधा ते दिसत असावे.

* * *

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायची राहिली. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमात मेश्राम बोलणार आहेत, असे अनघाकडून कळले. मला निमंत्रण नव्हते, मनाईही नव्हती. मी शेवटच्या रांगेत बसलो.

ते काठी टेकत व्यासपीठावर गेले आणि अर्धा तास मराठीत बोलले. बोडीवर बोलले, पहिल्या शाळेवर बोलले, इंग्लंडच्या पहिल्या हिवाळ्यावर बोलले. "मी थरथरून राहिलो होतो, आणि बॉस म्हणते, नाइस डे." सगळे सभागृह हसले. एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. इतकी जिवंत मराठी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तीत एकही शब्द बदलावासा वाटला नाही. आणि हे वाटायला मला शेवटच्या रांगेत बसावे लागले.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठले. "मेश्राम, काय बोललात तुम्ही!"

त्यांनी हातातला कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. "थँक यू फॉर कमिंग."

मागून कोणीतरी त्यांना हाक मारली. "आलो न जी," ते त्याला म्हणाले, आणि गेले.

* * *

गेल्या शनिवारी रंजनावहिनींचा फोन आला. पायाच्या डॉक्टरीणबाईंनी फिनलंडला परवानगी दिली होती, पण नवे जोडे हवेत, रुंद आणि मऊ. आणि एक सक्त सूचना होती: पाय घालण्याआधी दर वेळी कोणीतरी जोड्यात हात घालून आत काही टोचत नाही ना, दुमडलेले नाही ना, हे पाहायचे. हाताला कळते, त्या पायाला कळत नाही. मेश्रामांनी ते स्वतः पाहावे, पण त्यांच्या हाताच्या बोटांची संवेदनाही आताशा कमी झाली आहे.

"अनघा कामावर आहे. माही लायब्ररीत पाळी आहे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही न्या त्याईले."

गाडीत आम्ही वाहतुकीवर बोललो. इंग्रजीत. माझे इंग्रजीही वाईट नाही.

कीथनी मेश्रामांना ओळखले, काठीही पाहिली, आणि काही विचारले नाही. आतून तीन खोके आणले. जोड्यातले तळाचे अस्तर बाहेर काढून जमिनीवर ठेवले, त्यावर मेश्रामांना अनवाणी उभे केले, आणि पाय कुठे बाहेर येतो ते पाहिले. पहिले दोन जोड त्यांनी स्वतःच परत नेले. तिसऱ्याचे अस्तर पुरले. ते पुन्हा आत बसवून त्यांनी उजवा जोडा मेश्रामांपुढे धरला.

मेश्रामांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बोट दाखवून कीथना इंग्रजीत म्हणाले, "आधी माझे मित्र तपासतील. बारीकसारीक चूक त्यांच्या हातून सुटत नाही."

कीथ हसले आणि त्यांनी जोडा माझ्या हातात दिला.

मी खाली बसलो. हात आत घातला. टाच, तळ, कडा, जिभेखालची शिवण. लोकर नवी होती, बोटांना लागत होती ती फक्त तिची ऊब. मी हात बाहेर काढला. "काही नाही," मी म्हणालो.

मेश्राम बाकावर बसून आपल्या अनवाणी पायाकडे पाहत होते.

"पाहा न जी बरोबर," ते म्हणाले. "पुढं, करंगळीच्या जागी पाहा."

मी पुन्हा हात घातला.